छाटणी कोण बघणार?

नाशिकच्या इंदिरानगरमधून एका ताईंचं पत्र आलं आहे. ओळख कळू नये म्हणून काही तपशील बदलून थोडक्यात देते. ताई ४२ वर्षांच्या, शाळेत शिकवतात, सध्या बिनपगारी रजेवर आहेत. निफाड तालुक्यात द्राक्षबाग असलेले त्यांचे सासरे वय ७३, घरात सगळे त्यांना आप्पा म्हणतात. चार महिन्यांपासून आप्पा आणि सासूबाई त्यांच्याकडे राहायला आहेत. स्वादुपिंडाचा कॅन्सर, लिव्हरपर्यंत गेलेला. केमोचे काही डोस झाले, आप्पा फार खालावले, आणि गेल्या महिन्यात डॉक्टरांनी मुलाला बाजूला घेऊन सांगितलं, ‘आता घरी न्या, सेवा करा.’ आप्पांना मात्र ‘लिव्हरला सूज आहे, उतरेल’ एवढंच माहीत. ‘कळलं तर हाय खातील,’ ही सासूबाईंची सक्त ताकीद. पुण्याचे दीर रोज फोनवर नव्या उपचाराचं नाव सांगतात, मुंबईला हलवा म्हणतात. दुखणं वाढलंय. डॉक्टरांनी मॉर्फिनच्या गोळ्या लिहून दिल्या, पण ‘सवय लागेल’ या भीतीने पाकीट कपाटात तसंच पडून आहे.

परवा रात्री दोनला आप्पा उशी पोटाशी धरून, पुढे वाकून बसले होते. ताई पाणी घेऊन गेल्या. आप्पा म्हणाले, ‘सूनबाई, औंदा छाटणी कोण बघणार?’ थोडं थांबून म्हणाले, ‘खरं सांग, मला काय झालंय?’ ताईंनी ‘काही नाही आप्पा, झोपा आता’ म्हणून दिवा मालवला. त्या लिहितात, ‘त्या रात्रीपासून मला त्यांच्याकडे बघवत नाही. खोटं बोलत राहू का? खरं सांगितलं आणि ते खचले, तर घर मला जन्मभर बोलेल. आणि एक गोष्ट कुणाला सांगितलेली नाही. कधी कधी वाटतं, आता हे सुटावेत. मी वाईट आहे का?’

ताई,

शेवटचा प्रश्न आधी घेते. तो तुम्ही पत्राच्या तळाशी घाईघाईने लिहिलाय आणि तोच तुम्हाला आतून पोखरतोय. नाही, तुम्ही वाईट नाही. चार महिने जिला सलग झोप नाही, जिला भिंतीपलीकडून कण्हणं ऐकू येतं, तिच्या मनात ‘सुटावेत’ येणारच. गावाकडची जुनी माणसं हेच मोठ्याने म्हणतात, ‘देवा, सोडव रे बाबा.’ त्यांना कुणी दुष्ट म्हणत नाही. तुम्हाला आप्पांचे हाल बघवत नाहीत, एवढाच त्याचा अर्थ. आणि हाल कमी करण्याचा एक उपाय तुमच्या कपाटात पडून आहे, त्याकडे मी येतेच.

आता रात्री दोनच्या प्रश्नाकडे. आप्पांना काहीच माहीत नाही आणि तुम्हाला ते सांगायचं की नाही हे ठरवायचंय, असं तुम्ही धरून चालला आहात. मी तुमचं पत्र तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा छाटणीपाशी थांबले. ज्या माणसाने आयुष्यभर गोडी छाटणी, म्हणजे फळासाठीची ऑक्टोबरातली छाटणी, स्वतः उभं राहून करून घेतली, तो ‘औंदा कोण बघणार’ असं विचारतो तेव्हा त्याचा हिशेब झालेला असतो. ऑक्टोबरात छाटलेल्या बागेचा माल फेब्रुवारी-मार्चला निघतो, हे त्यांना तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त कळतं. सूज उतरेल असं त्यांना खरंच वाटत असतं तर ‘मला छाटणीला कधी सोडणार’ असं त्यांनी विचारलं असतं.

म्हणजे घरात सगळ्यांना माहीत आहे, आप्पांनाही आहे, आणि कुणी कुणाशी बोलत नाही. तुम्ही त्यांना जपताय, कदाचित ते तुम्हाला जपतायत. या सगळ्यात एकटे पडलेत ते आप्पा. त्यांनी मुलाला विचारलं नाही, बायकोला विचारलं नाही, सुनेला विचारलं. जिने आपलं उलटीचं भांडं धुतलं, जिने आपली लाज सांभाळली, ती आपल्याशी खरं बोलेल, असा त्यांचा भरवसा आहे.

तेव्हा ‘सांगू की नको’ हा प्रश्न थोडा बाजूला ठेवा. आधी ऐका. पुन्हा कधी विचारलं तर दिवा मालवू नका, खाली बसा. म्हणा, ‘आप्पा, तुम्हाला काय वाटतं?’ आणि मग गप्प राहा. ही गप्प राहण्याची मिनिटं फार जड जातात, पण त्यातच माणूस बोलता होतो. ते म्हणाले, ‘मला वाटतं हे काही बरं होणारं नाही,’ तर ‘असं बोलू नका’ म्हणून त्यांचं तोंड बंद करू नका. ‘आजार मोठा आहे आप्पा. डॉक्टरांचंही तसंच म्हणणं आहे. पण दुखणं कमी करता येतं आणि आम्ही कुठे जात नाही.’ एवढं पुरे. जेवढं विचारतील तेवढंच सांगा. किती दिवस, किती महिने, याचा आकडा देऊ नका, तो कुणालाच नक्की ठाऊक नसतो. आणि काही माणसांना खरोखरच ऐकायचं नसतं. ‘तुम्ही बघा काय ते’ असं ते म्हणाले तर तोही त्यांचा निर्णय, तो मानायचा. फक्त तो त्यांनी घ्यायला हवा, त्यांच्या वतीने घरच्यांनी नाही.

हे तुम्ही एकटीने, घराला अंधारात ठेवून करू नका. आधी नवऱ्याशी बोला. ‘सांगायलाच हवं’ असा हट्ट नको. परवा रात्री काय झालं ते जसंच्या तसं सांगा, छाटणीसकट. मुलालाही त्या वाक्याचा अर्थ कळेल, तो शेतकऱ्याच्या घरात वाढलाय. मग दोघं मिळून डॉक्टरांना सांगा की पेशंटला विचारायचंय, तुमच्यासमोर बोलू द्या. आजाराचं नाव डॉक्टरांच्या तोंडून आलं की ‘सुनेने सांगितलं आणि ते खचले’ हा ठपका तुमच्यावर येत नाही. मला हा मुद्दा लहान वाटत नाही. आपल्याकडे हात सुनेचे असतात, निर्णय दुसऱ्यांचे असतात, आणि बोल मात्र सुनेलाच लागतो.

सासूबाईंचं ‘हाय खातील’ हे खोटं नाही. ऐकल्यावर आप्पा रडतील, दोन दिवस भिंतीकडे तोंड करून पडतीलही. पण दुःख होणं वेगळं आणि खचणं वेगळं. माझ्याकडे येणाऱ्या पत्रांमध्ये ‘सांगितलं आणि चुकलो’ असं लिहिणारे थोडे आहेत. ‘बोलायचं राहून गेलं’ असं लिहिणारे फार. आणि थोडं हळूच विचारून बघा, ही भीती आप्पांची आहे की आईंची? इतक्या वर्षांच्या संसारानंतर नवऱ्याच्या समोर बसून ‘तुम्ही गेल्यावर मी कुठे राहू’ हे विचारायचं धैर्य त्यांना होत नसेल. त्यांना वाद घालून पटवू नका. दुपारी आप्पांच्या पायाला तेल लावायला त्यांना बसवा आणि तुम्ही खोलीबाहेर जा. बाकीचं ते दोघं बघतील.

शिवाय ज्याला खरं माहीत नाही, तो मागचं आवरू शकत नाही. सातबारा, सोसायटीचं कर्ज, बँकेतलं नाव, बायकोच्या नावे काय, दोन मुलांत काय, हे आप्पांना स्वतः सांगायचं असेल. मृत्युपत्र साध्या कागदावरही चालतं. त्यांची सही आणि त्या वेळी हजर असलेल्या दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात, नोंदणी केली तर उत्तमच, पण सक्तीची नाही. सूज उतरायची वाट बघणाऱ्या माणसापुढे हा विषय काढणार कसा?

आता गोळ्या. ताई, आज संध्याकाळपर्यंत ते पाकीट कपाटातून बाहेर काढा. पुढे वाकून, पोटाशी उशी दाबून बसणं हे स्वादुपिंडाच्या दुखण्यात नेहमी दिसतं. आडवं झालं की कळ पाठीत जाते, वाकलं की जराशी कमी होते. म्हणजे आप्पा झोप येत नाही म्हणून बसलेले नसतात, झोपता येत नाही म्हणून बसतात. डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेत, कॅन्सरच्या दुखण्यासाठी मॉर्फिन घेतलं तर व्यसन लागण्याची शक्यता फार कमी असते. त्याने मरण लवकर येतं हीही भीतीच आहे. ते घड्याळाप्रमाणे द्यायचं असतं. साधी गोळी साधारण चार तास पुरते, म्हणून कळ उठायची वाट न बघता पुढची गोळी द्यायची. पहिले दोन-तीन दिवस गुंगी येईल, मळमळेल, मग बहुतेक वेळा ते ओसरतं. पोट मात्र साफ होत नाही आणि ते आपोआप सुधारतही नाही, म्हणून पोट साफ होण्याचं औषध पहिल्या दिवसापासून सोबत लागतं. डॉक्टरांनी ते लिहून दिलंय का, चिठ्ठी पुन्हा बघा. मात्रा आपल्या मनाने वाढवू-कमी करू नका, फोन करून विचारा. १९८५च्या अमली पदार्थ कायद्यामुळे आपल्याकडे कित्येक वर्षं हे औषध रुग्णांना मिळणं मुश्कील होतं, २०१४च्या दुरुस्तीने वाट थोडी मोकळी झाली. आजही ते सगळ्या दुकानांत मिळत नाही. तुमच्या घरात ते आहे आणि आप्पा कण्हतायत, हे मला वाचताना सहन झालं नाही.

डॉक्टरांनी ‘सेवा करा’ म्हटलं म्हणजे उपचार संपले असा अर्थ घेऊ नका. आजार बरा होणार नसला तरी दुखणं, मळमळ, धाप, जखमा, मनाची तगमग यांच्यावर उपचार करणारी वैद्यकीय शाखा आहे, पॅलिएटिव्ह केअर. तिचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१२पासून आहे. जिथे केमो झाली तिथे आणि सिव्हिल हॉस्पिटलमध्ये जाऊन स्पष्ट शब्दांत विचारा, पॅलिएटिव्ह केअरचे डॉक्टर किंवा नर्स आहेत का, घरी येतात का. आपण विचारलं नाही तर बऱ्याचदा कुणी सांगत नाही.

दीरांबद्दल तुम्ही जरा रागाने लिहिलंय. राग समजतो. पण लांब असलेल्या मुलाला काहीच करता येत नाही, तेव्हा तो उपचार शोधतो. ती त्याची तडफड असते. त्यांना ‘नाही’ म्हणत बसण्यापेक्षा डॉक्टरांची एक वेळ ठरवा, दीरांना व्हिडिओ कॉलवर घ्या आणि प्रश्न त्यांनाच विचारू द्या. या उपचाराने काय साधेल? किती दिवस हॉस्पिटलमध्ये जातील? चालत घरी येतील का? मुंबईचं मत हवंच असेल तर रिपोर्ट पाठवून मोठ्या केंद्रांतल्या डॉक्टरांचं मत मागवता येतं, आप्पांना गाडीत घालून कसाऱ्याचा घाट उतरवायची गरज नाही. आणि मग दीरांना खरं काम द्या. शनिवार-रविवारच्या रात्री त्यांच्या. त्या दोन रात्री तुम्ही दुसऱ्या खोलीत, दार लावून झोपायचं. नणंद जवळ असेल तर आठवड्यातली एक दुपार तिची. पैसे जमत असतील तर रात्रीपुरती एखादी मावशी ठेवा. ‘मी करते ना’ हे वाक्य महिनाभर बंद.

जेवणाचं सांगायला हवं, कारण त्यावरून घरोघर भांडणं होतात. सासूबाई वाटी घेऊन मागे लागत असतील, ‘दोन घास खा, नाही तर ताकद कशी येणार.’ आजार या टप्प्याला आला की शरीर अन्न मागत नाही आणि दिलेलं नीट वापरूही शकत नाही. जबरदस्तीने भरवलं तर उलटी होते, ठसका लागतो, घास श्वासनलिकेत जाऊ शकतो. मागतील ते, मागतील तेव्हा, दोन चमचे. भाताची पेज, ताक, बर्फाचा खडा, बागेतल्या बेदाण्याचा एक दाणा त्यांनी चघळला आणि टाकला तरी चालेल. आईंना भरवायची माया बंद करायला सांगू नका, तिला दुसरी वाट द्या. मऊ कापसाचा बोळा पाण्यात भिजवून, पिळून, ओठांवरून आणि हिरड्यांवरून फिरवायचा, वर साजूक तुपाचं बोट. तोंड कोरडं पडलेल्या माणसाला यासारखं सुख नाही. हे काम आईंचं.

तुम्ही पत्रात लिहिलं नाही, पण मनात असणार: घरीच गेले तर? मी एकटी असले तर? काय होतं ते सांगते, म्हणजे घाबरून त्यांना शेवटच्या क्षणी अॅम्ब्युलन्समध्ये घालणार नाही. झोप वाढते, हाक मारली तरी उशिरा ओ देतात. हातपाय गार पडतात, नखं निळसर होतात. श्वास मध्येच थांबतो आणि पुन्हा सुरू होतो. घशात घरघर होते. ती ऐकणाऱ्याला भयंकर वाटते, पण बेशुद्धीत असलेल्या माणसाला तिचा त्रास होत नाही असं डॉक्टर मानतात. कुशीवर वळवून ठेवा, पाणी तोंडात ओतू नका. ऐकू येत असेल असं धरून बोला. त्याआधीच तीन गोष्टी करून ठेवा. आयसीयू, व्हेंटिलेटर नको असं आप्पांचं स्वतःचं म्हणणं असेल तर ते फाइलमध्ये लिहून घ्या. सर्वोच्च न्यायालयाने २०१८मध्ये उपचारांबाबतच्या अशा लेखी इच्छेला (लिव्हिंग विल) मान्यता दिली आणि २०२३मध्ये पद्धत सोपी केली, दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरेसे आहेत. दुसरं, आत्ता तपासणाऱ्या डॉक्टरांना विचारून ठेवा की घरी मृत्यू झाला तर मृत्यूच्या कारणाचा दाखला तुम्ही द्याल का. अमरधामला नेताना तो लागतो, आणि रात्री अनोळखी डॉक्टर शोधत फिरण्याची वेळ येते. तिसरं, नोंद २१ दिवसांत, जिथे मृत्यू झाला तिथे करायची, इंदिरानगरात महापालिकेकडे, गावी ग्रामपंचायतीत.

आता माझं एक सांगते. माझे वडील आयसीयूत गेले. घशात नळी होती, भेटायला दिवसातून दोनदा दहा मिनिटं. शेवटच्या भेटीत त्यांनी उजव्या हाताची बोटं चादरीवर लिहिल्यासारखी हलवली. मी कागद मागायला धावले. कागद-पेन मिळेपर्यंत वेळ संपली, मला बाहेर काढलं. रात्री ते गेले. दहाव्याला आम्ही रामकुंडावर पिंड मांडला आणि कावळा शिवेना. भोवती दहा कावळे, एक जवळ येईना. काका हात जोडून म्हणाले, ‘दादा, घराचं कर्ज फेडतो.’ आत्या म्हणाली, ‘वहिनीला अंतर देणार नाही.’ भाऊ म्हणाला, ‘हिचं लग्न नीट करून देतो.’ तासभर आम्ही एकेक इच्छा ओळखत उभे होतो. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला. लोक म्हणाले, झालं, मोकळे झाले. मला आजही माहीत नाही बोटांनी ते काय लिहीत होते.

तुमचे आप्पा बोलतायत, ताई. त्यांनी इच्छा शब्दांत सांगितलीय आणि तुम्ही ती ऐकलीय.

छाटणीला अजून तीन-चार आठवडे आहेत. तेवढी वाट बघू नका, डॉक्टरांना विचारून याच रविवारी त्यांना बागेत न्या. तासाभराचा रस्ता आहे. सकाळची गोळी दिल्यावर अर्ध्या-पाऊण तासाने निघा. त्यांना पुढच्या सीटवर बसवा, सीट मागे सरकवून, ती पोटाशी धरायची उशी बरोबर. एक जुनी चादर, उलटीसाठी पिशव्या, पाण्याची बाटली, दुपारची गोळी. ते म्हणाले परत फिरा, तर वाटेतून परत फिरा. दीरांना पुण्याहून थेट बागेत बोलवा. तुमच्या मुलांनाही न्या, आजोबा खूप आजारी आहेत आणि बरे होणार नाहीत हे त्यांना गाडीत बसण्याआधी साध्या शब्दांत सांगून. बांधावर खुर्ची टाका, आप्पांना बसवा. कुठली ओळ आधी घ्यायची, काडीवर किती डोळे, म्हणजे कोंब, ठेवायचे, माणसं कुणाची बोलवायची, ते त्यांनी सांगायचं आणि दोन्ही मुलांनी वहीत लिहून घ्यायचं.

आणि छाटणीची कात्री घेऊन जा. एखादी काडी कापावीशी वाटली तर त्यांच्या हाताशी असू दे.